दालचिनीवाली बर्बन: इव्हान विल्यम्स फायर, काही महिने वापरल्यावर

सरळ मुद्द्याचं बोलतो. इव्हान विल्यम्स फायर, म्हणजे दालचिनीच्या चवीची बर्बन (अमेरिकेतली मक्याची व्हिस्की), मी गेल्या थंडीच्या तोंडावर आणली, तेव्हापासून घरात एक संपली की दुसरी येते, आणि इतक्या महिन्यांनी माझं मत पक्कं झालंय की नुसती प्यायला ही ठीकठाक आहे, पण गरम सायडरमध्ये (सफरचंदाच्या रसात) किंवा दुसऱ्या साध्या बर्बनमध्ये थोडीशी घातली तर लय भारी काम करते. मी अमेरिकेत, केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये राहतो, इथे किराणा आणायला गेलं तरी बर्बनचे रॅकच्या रॅक समोर येतात, त्यामुळे तुलना करायला बाटल्यांची कमी नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण मित्रमंडळीत यावर नेहमी घोळ होतो. बर्बन म्हणवून घ्यायचं तर अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो, आतून जाळलेलं नवं कोरं ओकचं पिंप लागतं, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल लागतं आणि पाणी सोडून वरून काही म्हणजे काही घालता येत नाही. रंग नाही, साखर नाही, मसाला तर नाहीच. म्हणजे दालचिनी घातली की ती कायद्याने नुसती बर्बन राहत नाही, बर्बनपासून केलेलं फ्लेवरवालं पेय होतं. फायर ३५ टक्क्यांची आहे. तिची थोरली बहीण म्हणजे काळ्या लेबलवाली इव्हान विल्यम्स ४३ टक्क्यांची. हा फरक जिभेला लगेच कळतो, फायर अंगाने हलकी लागते आणि तिचा सगळा दणका दालचिनीचा असतो.

वास घेतला की पहिल्यांदा दालचिनीच येते, ती पण लाल तिखट कँडीवाली, इथे सिनेमाच्या थिएटरात मिळतात ना त्या गोळ्यांसारखी. ग्लास जरा वेळ तसाच ठेवला की मग मागून व्हॅनिला आणि कॅरमेल डोकं वर काढतात. पहिला घोट गोड, माझ्या मते गरजेपेक्षा गोड, मग मधेच जाळ सुरू होतो आणि गिळल्यावर घशात बराच वेळ ऊब राहते. ही ऊब मात्र मला मनापासून आवडते. मिरचीचा जाळ आणि हा जाळ वेगळा का लागतो त्याचंही कारण आहे: दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला (जळजळ ओळखणाऱ्या सेन्सरला) चेतवतं त्यालाच मोहरीचा आणि वसाबीचा झणका कळतो, मिरचीचा रिसेप्टर दुसरा, आणि अल्कोहोल त्या मिरचीवाल्याला जास्त हळवा करतं. म्हणजे एका घोटात दोन्हीकडून आग लागते. म्हणूनच तांबड्या रश्श्यासोबत ही अजिबात घेऊ नका, तोंडात नुसता वणवा पेटतो आणि ना रश्श्याची चव कळते ना दारूची. खारे शेंगदाणे, चेडर चीज, नाहीतर अॅपल पाय (सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ), यांच्याबरोबर मस्त जमते.

आता मला यात सगळ्यात इंटरेस्टिंग काय वाटतं ते सांगतो. बर्बनमध्ये मसाला आधीपासूनच असतो हो! ओकच्या लाकडात युजेनॉल असतं, म्हणजे जे लवंगेत असतं तेच, दात दुखला की आजी लवंगेचं तेल लावायची त्यातलं. लाकूड भाजलं-जाळलं की त्यातल्या लिग्निनमधून (लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकातून) व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, सुटतं. धान्यात राय (गव्हासारखं एक धान्य) असेल तर तिचा मिरीसारखा चटका येतो. काळ्या लेबलवाल्या इव्हान विल्यम्सच्या धान्यात साधारण ७८ टक्के मका, १० टक्के राय आणि १२ टक्के माल्टेड बार्ली (मोड आणून वाळवलेलं जव), म्हणजे रायचा चटका बेताचाच, मक्याचा गोडवा पुढे. अशा बर्बनवर दालचिनी चढवली की ती लाकडातल्या लवंग-व्हॅनिलाला धरून बसते, परकी वाटत नाही. पण प्रमाण चुकलं की तीच दालचिनी बर्बनला पार झाकून टाकते, आणि फायरमध्ये, काही न मिसळता नुसती प्यायली तर, माझ्या जिभेला थोडं तसं होतं. बर्बन शोधावी लागते.

म्हणून मग वापरायच्या पद्धती. फ्रीजरमधून काढून छोट्या ग्लासात शॉट मारायचा ही इथली कॉमन पद्धत, गार असली की गोडवा कमी जाणवतो त्यामुळे पार्टीत चालून जाते, पण वास पण गोठतो आणि मला वासच हवा असतो. बर्फ टाकून घेतली तर पहिली काही मिनिटं चांगली, बर्फ वितळला की पातळ सरबत. सोड्यात टाकून पाहिली, नाही आवडली.

खरी मजा गरम सायडरमध्ये. इथे सायडर म्हणजे न गाळलेला, गढूळ, ताज्या सफरचंदाचा रस, त्यात दारू नसते. पातेल्यात मंद गॅसवर तो तापवायचा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी टाकायची, कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद, आणि मगच कपात ओतून वर ४५ मिली फायर. गॅसवर असताना घातली तर थोडं अल्कोहोल आणि वास उडून जातो आणि मजा कमी होते. सफरचंदाची आंबटता त्या गोडव्याला बरोब्बर आवरते. इथल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या गेट-टुगेदरला मोठं भांडं भरून असा सायडर केला होता, न पिणाऱ्यांसाठी बाजूला साधा, आणि बाटली शेजारी ठेवून दिली होती, ज्याला हवी त्याने घालून घ्यायची. बाटली लवकरच संपली.

दुसरी माझी आवडती पद्धत म्हणजे ओल्ड फॅशन्ड, हे बर्बनचं एक जुनं कॉकटेल. त्यात साखर घालतात ना, ती काढून टाकायची आणि तिच्या जागी १५ मिली फायर, ४५ मिली काळं लेबल, दोन थेंब अँगोस्टुरा (कडू मसालेदार अर्क), मोठा बर्फ, संत्र्याची साल पिळून. दालचिनी एवढीच लागते, मागे उभी राहून मदत करेल इतकी. या ग्लासात बर्बन पुढे येते आणि गोडवा मोजका राहतो. मला विचाराल तर फायर खरेदी करायचं एवढं एकच कारण पुरेसं आहे.

घरी मसाला घालून पण बघा, अवघड काही नाही. अख्खे मसालेच घ्यायचे, पूड घातली तर गढूळ आणि कडू होते आणि गाळता गाळता जीव जातो. अर्ध्या बाटलीला दालचिनीचा बोटभर तुकडा एक दिवस, दोन-तीन वेलच्या ठेचून तेवढाच वेळ, आणि लवंग फक्त दोन, त्या पण काही तासांत काढायच्या, नाहीतर जीभ बधिर होते. मधे मधे चमच्याने चाखत राहायचं, चव जमली की कॉफीच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं. भारतीय दुकानात मिळते ती जाड सालीची दालचिनी बहुतेक वेळा कॅसिया असते, चवीला तिखट आणि दणकट. तिच्यात कुमरिन जास्त असतं, जे फार प्रमाणात यकृताला चांगलं नाही, म्हणून आठवडाभर मुरवत ठेवू नका. पातळ पापुद्र्यांची सिलोन दालचिनी जास्त नाजूक, वेलचीबरोबर तीच शोभते. अशी वेलचीवाली बर्बन पुरणपोळीनंतर अगदी छोटा पेग घेतली, पोळीतल्या जायफळाशी अशी काही जुळली की बायकोने पण, जिला व्हिस्की आवडत नाही, ग्लास मागून घेतला.

घरच्या प्रयोगाला बेस म्हणून मी आता इव्हान विल्यम्सचीच पांढऱ्या लेबलची बॉटल्ड-इन-बाँड घेतो. १८९७च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे ती एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्के असावी लागते. अल्कोहोल जास्त असल्याने मसाला पटकन उतरतो आणि नंतर बर्फ पडला तरी बर्बन टिकून राहते. फायर मात्र घ्यायची तर आधी छोटी बाटली घ्या, गोड ज्यांना चालतं त्यांना आवडेल, आणि ज्यांना बर्बन नुसती प्यायची सवय आहे त्यांनी ओल्ड फॅशन्डपासूनच सुरुवात करा.