घोडीवर ‘3 टन’ छापलं होतं

घरच्या पोर्चमध्ये स्वतःची गाडी स्वतः उघडणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. घोडी, म्हणजे जॅकने उचललेली गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी स्टँड, घेताना मी 2,800 रुपयांना फसलो. पैशांचं दुःख आठवड्यात विसरलो असतो. पण ज्या वस्तूच्या भरवशावर मी आणि माझा बारावीतला पुतण्या गाडीखाली हात घालत होतो, तीच वस्तू खोटी निघाली. ते विसरता येत नाही.

माझ्याकडे जुनी महिंद्रा एमएम 540 आहे. पावसाळ्याआधी तिचं मागचं काम दरवर्षी मी घरीच करतो: ड्रम साफ करणं, ब्रेकचे लायनर बघणं, पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) ग्रीस. या वर्षी मागच्या पाट्यांचे बुश, म्हणजे पाट्यांच्या टोकांतल्या झिजणाऱ्या नळ्या, बदलायचे होते. नेहमीचं काम असलं की जॅक आणि घोडी दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या अॅक्सलच्या हौसिंगखाली लागतात, उंची फारशी लागत नाही. बुशचं काम वेगळं. पाटा मोकळा करायचा तर गाडीचा भार चासीवर, म्हणजे मुख्य सांगाड्यावर, घ्यावा लागतो आणि अॅक्सल खाली लोंबू द्यावा लागतो. जीपची चासी मुळात उंच, त्यात अॅक्सल लोंबायला जागा हवी, म्हणजे घोडी 55 सेंटिमीटरच्या आसपास उंच व्हायला हवी. बाजारात मिळणारी नेहमीची 3 टनी घोडी पूर्ण उघडली तरी 40-42 सेंटिमीटरवर संपते. ऑफरोड गाडीवाल्यांची ही नेहमीची अडचण आहे, आणि माझी फसवणूक बरोबर याच अडचणीवर बेतलेली होती.

पुण्यातल्या एका दुकानाचा नंबर ओळखीच्या एकाने दिला. व्हॉट्सअॅपवर फोटो आले. लालभडक रंग, वर पांढऱ्या अक्षरांत ‘3 टन’. खाली मेसेज, ‘ऑफरोड स्पेशल साहेब, एक्स्ट्रा हाइट, 2800 जोडी.’ शनिवारी कामासाठी पुण्यात गेलोच होतो, तर दुकानात जाऊन बघितलं. हातात घेतली, उघडझाप केली, उंची अडकवणारं दातरं खटखट बसत होतं. मानेवर जास्तीचा पाईप जोडून उंची वाढवलेली दिसत होती. मी विचारलं, “हे जोडकाम कंपनीचं आहे का?” तो म्हणाला, “कंपनीचंच, साहेब. थारवाले, जिप्सीवाले सगळे हेच नेतात.” बिलाचं विचारल्यावर म्हणाला, “पक्कं घेतलंत तर जीएसटी लागेल, उगाच कशाला?” एका चिठ्ठीवर ‘स्टँड 2 नग’ एवढंच लिहून दिलं. पैसे यूपीआयने दिले. ते दुकानाच्या नावावर न जाता कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले, हे मी घरी आल्यावर बघितलं.

खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, महिना-वर्ष नव्हतं, छापील किंमतही नव्हती. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा हे सगळं असतं. मी दोन्ही घोड्या डिकीत टाकल्या आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी काम काढलं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकल्या. कोब्यावर घोडीखाली जाड फळ्या ठेवल्या. मागची बाजू उचलून चासीखाली दोन्ही घोड्या लावल्या आणि चाकं काढली. अॅक्सलला खालून ट्रॉली जॅकचा टेकू दिला. इथपर्यंत सगळं नीट.

सुटलेली दोन्ही चाकं मी उजव्या बाजूच्या चासीखाली एकावर एक आडवी रचून ठेवली. ही सवय मला शेजारच्या अण्णांनी लावली. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. लहानपणी त्यांच्या हाताखाली पाना धरायचो तेव्हा त्यांचा एकच हुकूम असायचा, “चाक काढलं की ते भिंतीला लावायचं नाही. गाडीखाली सरकवायचं.”

उजव्या शॅकलचा, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचा, बोल्ट गंजून बसला होता. पुतण्या वाकून त्यावर तेल मारत होता. “काका, आता बघा,” म्हणून तो मागे सरला आणि डबा ठेवायला वळला. मी पान्याला पाईप लावून ओढ दिली. गाडी किंचित हलली. पुढच्या क्षणी पत्र्याचा डबा चेपल्यासारखा आवाज झाला, उजव्या घोडीची मान वाकली आणि चासी वीतभर खाली येऊन चाकांवर आदळली. तिथेच थांबली.

जिथे तो हात घालून तेल मारत होता, तिथे शॅकल आणि चाकाचा टायर यांच्यात बोटही शिरलं नसतं.

आम्ही दोघं किती वेळ तसेच बसून होतो, सांगता येणार नाही. आवाज ऐकून ही बाहेर धावत आली आणि तिने आधी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन बघितले.

दुपारनंतर जॅक लावून गाडी पुन्हा चाकांवर उभी केली आणि मोडलेली घोडी उजेडात घेऊन बसलो. वेल्डिंग जिथे फाटलं होतं तिथे लाल रंगाखाली पांढरट-गुलाबी भुगा दिसला. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर पापुद्राच निघाला. पुट्टी! गाडीच्या पत्र्याचे खड्डे भरायला डेंटिंगवाले वापरतात ती. वरचा पाईप खालच्या पाईपात इंचभरसुद्धा शिरवलेला नव्हता. टोकाला टोक लावून चार टाके मारले होते, त्यातले दोन जेमतेम धरलेले. उरलेली फट पुट्टीने बुजवून, पॉलिश पेपर मारून, वर रंग. म्हणून जोड इतका गुळगुळीत दिसत होता. खऱ्या वेल्डिंगवर माशाच्या खवल्यांसारख्या लाटा दिसतात. तो गुळगुळीतपणाच मला खटकायला हवा होता, आणि दुकानात मी त्यालाच ‘फिनिशिंग छान आहे’ म्हणालो होतो.

मग ‘3 टन’चं स्टिकर सोललं. खाली लंबगोल घासलेली जागा होती, ग्राइंडरच्या रेघांसकट. तिथे आधी ठोकलेला काहीतरी ठसा होता आणि तो कुणीतरी मुद्दाम उडवला होता. म्हणजे घोडी जुनी, बनवणाऱ्याची खूण पुसलेली, मान कापून लांबवलेली आणि वर नवा आकडा चिकटवलेला.

सोमवारी दुकानदाराला फोन केला. पहिलं वाक्य, “साहेब, तुम्ही लोड जास्त टाकला असणार.” हे उत्तर पुष्कळांना मिळत असेल, म्हणून हिशेब सांगतो. माझी जीप सव्वा ते दीड टनाची. मागच्या बाजूला त्यातला निम्मा भार धरा, म्हणजे जास्तीत जास्त 750 किलो. तो दोन घोड्यांवर वाटला तर एकीवर 375. तीन टनाच्या नावाने विकलेली वस्तू त्याच्या आठव्या हिश्शावर मोडली. जोर लावल्यावर भार थोडा सरकतो, हे मान्य. पण घोडीवर गाडी ठेवून पाना ओढायचा नसेल तर ती घ्यायची कशाला?

मग त्याने दुसरा मुद्दा काढला. म्हणे 3 टन ही ‘जोडीची’ ताकद आहे. इथे काही कंपन्या खरोखरच जोडीची ताकद छापतात, तेव्हा आकडा एका नगाचा आहे की दोन्ही मिळून, हे आधी विचारा. पण तसं धरलं तरी एकीची ताकद दीड टन होते. ती पावणेचारशे किलोला गेली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. तिथे मला कळलं की ‘उगाच कशाला’ या दोन शब्दांनी त्याने माझा जीएसटी वाचवला नव्हता, स्वतःची मान सोडवून घेतली होती. मात्र 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. माझ्या हातात भक्कम असं एकच होतं, ते व्हॉट्सअॅपवरचं: ‘3 टन’चा फोटो आणि त्याखालचं त्याचं वाक्य, ‘ऑफरोड स्पेशल’. तोंडी सांगितलं असतं तर तेही नसतं. दुकानात समोरासमोर सौदा केलात तरी विकणाऱ्याचा दावा मेसेजमध्ये लिहून घ्या.

आता हे लिहिण्याचं खरं कारण. तुमच्याकडे घोड्या असतील तर आजच त्या उन्हात आणून बघा. मानेवर, पायांवर, जिथे जिथे जोड आहे तिथे वेल्डिंग सलग दिसतंय का? जोडावर रंग जाड आणि सपाट असेल तर कोपऱ्यात खरवडा. रंग जाईल, पुट्टी असेल तर दिसेल. लोहचुंबक लावून बघितला तर पुट्टीच्या जाड थरावर तो ढिला पडतो. बनवणाऱ्याचं नाव आणि ताकद धातूत ठोकलेली आहे की नुसतं स्टिकर, तेही बघा. दातऱ्याची घोडी असेल तर दातात अडकणारी जीभ पूर्ण खोल बसते का, हे प्रत्येक उंचीवर तपासा. हा दोष फक्त गल्लीतल्या मालात असतो असं नाही. 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारांच्या मोठ्या साखळीने लाखो जॅक स्टँड परत मागवले, कारण साचे झिजल्यामुळे जीभ दातात पुरेशी खोल बसत नव्हती आणि भार हलला की स्टँड खाली येऊ शकत होता. त्या बदल्यात दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि त्याही परत मागवाव्या लागल्या. दातऱ्याशिवाय वरून आडवी पिनही घालता येईल अशी घोडी मिळाली तर तीच घ्या.

उंची हवी असेल तर 6 टनी घोडी घ्या. आपल्या गाडीला सहा टनाची ताकद लागत नाही, पण ती 60 सेंटिमीटरपर्यंत उघडते आणि तिचा पायाही रुंद असतो. महाग आहे, जड आहे. मी आता तीच घेतली, पक्क्या बिलावर. मान लांबवलेली, वर पाईप डकवलेली, कुणा ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याने ‘मजबूत करून दिलेली’ घोडी घेऊ नका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर कधीच नकोत. ते वाकत नाहीत, इशारा न देता फुटतात.

आणि माझ्यासारख्या जुन्या विलीज घराण्यातल्या जीपवाल्यांनो, एक गोष्ट वेगळी सांगतो. आपला हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर नसतो, तो ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागच्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल ते चाक मोकळं फिरू देतं, आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून पाचरी, गाडी गिअरमध्ये, फोर व्हील लावलेलं, आणि पुढच्या हबला लॉक असतील तर तेही लावलेले. जॅकवरून गाडी घोडीवर उतरवली की आत जाण्याआधी बंपरला धरून आडवी-उभी जोरात हलवा. हलायचं असेल ते तुम्ही बाहेर असताना हलू दे. मी त्या दिवशी हलवली नव्हती.

गेल्या आठवड्यात दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. हेल्पलाइनचं पत्र त्याच्यापर्यंत कसंतरी पोचलं असावं. आवाज एकदम मऊ. “दादा, वाद कशाला? दोन्ही नग परत पाठवा, पूर्ण पैसे देतो.” मी विचारलं, मोडलेल्या घोडीचं काय करणार? तो सहज म्हणाला, “वेल्डिंग मारून घेऊ की.”

मी पैसे घेतले नाहीत. न मोडलेली घोडी त्याच संध्याकाळी ग्राइंडरने तीन तुकडे करून भंगारात घातली. तिच्या मानेतही तसेच चार टाके होते. मोडलेली मात्र जपून ठेवली आहे, सोललेल्या स्टिकरसकट, आयोगापुढे ठेवायला.