फॅक्टोरिओ, नऊ महिन्यांनंतर: एकट्याने, तिघांनी आणि मॉड घालून

आधी हिशेब सांगतो. नऊ महिने, ४०० च्या वर तास, तीन मॅप. पहिला एकट्याने, काहीही न जोडता. दुसरा धाकटा भाऊ आणि एक मित्र धरून तिघांनी. तिसरा मॉड (म्हणजे मूळ गेममध्ये खेळाडूंनी लिहून घातलेली भर) घालून, कधी एकटा, कधी तिघं. पहिल्या दहा तासांत या गेमचा अंदाजच येत नाही, म्हणून लिहायला इतका उशीर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: परक्या ग्रहावर अडकलेला एक माणूस हाताने खनिज खणण्यापासून सुरुवात करतो आणि शेवटी आपोआप चालणारा कारखाना उभारून रॉकेट सोडतो. वूब सॉफ्टवेअर या चेक कंपनीचा गेम. १.० आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली, २.० आणि ‘स्पेस एज’ हा विस्तार २१ ऑक्टोबर २०२४ ला. ग्राफिक्सवर मी बोलणार नाही, गंजक्या यंत्रांचा रंग ज्याला आवडतो त्याला आवडतो.

मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. बहुतेक गेममध्ये सिंगल-प्लेअर, मल्टिप्लेअर आणि मॉडिंग एकाच ताटात जेवायला बसलेल्या तीन जावांसारखे असतात. एकीला जास्त वाढलं की दुसरी रुसते. इथे ते भांडण मला फारसं दिसलं नाही, आणि त्याचं कारण शोधता शोधता मीच अर्धा मेकॅनिक झालो.

गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ‘बेस’ नावाचा फोल्डर आहे. दोन लोखंडी पत्र्यांचा एक गिअर होतो, हा नियम तिथे लुआ भाषेतल्या साध्या मजकुरात लिहिलेला सापडतो. म्हणजे खुद्द गेमच एक मॉड आहे! स्पेस एजसुद्धा त्याच पद्धतीने वर चढवलेला. मॉड लिहिणाऱ्याला मागच्या दाराने आत यावं लागत नाही, कारण घरचे लोकही त्याच दाराने येतात. मल्टिप्लेअरचंही तसंच. एकट्याने महिनाभर खेळलेला सेव्ह उचलायचा आणि मल्टिप्लेअर म्हणून उघडायचा, बस्स. आमचा तिसरा मॅप असाच एकट्याचा तिघांचा झाला. भावाने जोडायचं बटण दाबलं, माझ्याकडे कुठले मॉड आहेत ते गेमनेच वाचलं, त्याच्याकडे उतरवले, गेम बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि पठ्ठ्या माझ्या कारखान्यात उभा.

याची किंमत कुठे मोजावी लागते ते आम्हाला भावाच्याच प्रतापाने कळलं. हा गेम सर्व्हरवरून जगाचं चित्र पाठवत बसत नाही. कोणी काय केलं तेवढंच पाठवतो आणि अख्खा कारखाना प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर स्वतंत्र चालतो, सेकंदाला ६० पावलं. सगळ्यांचं उत्तर तंतोतंत सारखं यायला हवं. भावाने हौसेने एक छोटा मॉड लिहिला: दर शंभराव्या झाडतोडीला पेटीत एक इन्सर्टर (वस्तू उचलून ठेवणारा यांत्रिक हात) फुकट. आम्ही दोघं तासभर खेळलो, झकास चाललं. मित्र उशिरा आला आणि थोड्याच वेळात त्याच्या स्क्रीनवर डीसिंकचा, म्हणजे त्याचा कारखाना आमच्याशी जुळत नसल्याचा, संदेश. मॅप पुन्हा उतरवला, पुन्हा तेच. बिचारा आपलं इंटरनेट तपासत बसला.

खोट अशी होती की झाडांची मोजणी भावाने साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली होती. ती सेव्हमध्ये जातच नाही. आमच्याकडे आकडा ६३, उशिरा आलेल्याकडे शून्य. आमचं शंभरावं झाड पडलं तेव्हा आमच्या पेटीत इन्सर्टर आला, त्याच्या पेटीत नाही. झाले दोन वेगळे कारखाने. मोजणी सेव्हमध्ये जाणाऱ्या ‘स्टोरेज’ टेबलमध्ये हलवली आणि प्रश्न मिटला. एकट्याने खेळताना ही चूक कधीच पकडली गेली नसती. फार तर सेव्ह उघडल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली असती, आणि झाडं मोजत बसतो कोण?

म्हणून हा गेम मॉडवाल्याचे हात थोडे बांधतो. घड्याळातली वेळ विचारायची सोय नाही, फायली वाचायची नाही, फासासुद्धा सगळ्यांकडे सारखाच पडतो. मला हे बंधन रास्त वाटतं. भाऊ अजून कुरकुरतो.

माणसांचा समतोल मात्र गेम सांभाळत नाही, तो तुम्हीच सांभाळायचा. खेळाडू वाढले म्हणून संशोधन महाग होत नाही, त्यामुळे तिघांत सुरुवातीचा टप्पा भुर्रकन उडतो. आणि माझा सगळ्यात आवडता टप्पा तोच! एक दिवस भाऊ म्हणाला, “दादा, तू झोपल्यावर मी तुझा लोखंड वाहून नेणारा पट्टा पाडून नीट बांधला.” नीट म्हणजे खरंच नीट होता, त्यामुळे रागावताही येईना. पण एकट्याच्या मॅपवर तो वाकडा पट्टा दोन महिने माझा होता, त्याची मजा वेगळी.

स्पेस एजने यावर आडून उत्तर दिलंय. ग्रह पाच आहेत, तर आम्ही ते वाटून घेतले. मित्र वल्केनसवर लाव्हापाशी, भाऊ फुल्गोरावर भंगार निवडतोय, मी ग्लेबावर नासणाऱ्या फळांमागे धावतोय. नाव मल्टिप्लेअर, प्रत्यक्षात तीन सिंगल-प्लेअर आणि कानात एकमेकांच्या शिव्या. मला हे फार मानवलं. ज्यांना खांद्याला खांदा लावून खेळायचंय त्यांना कदाचित रुचणार नाही.

मॉड घेताना दोन गोष्टी. मॉड लावले की स्टीमवरची अचीव्हमेंट मिळत नाहीत, तेव्हा हाताने १११ च्या वर वस्तू न बनवता गेम संपवण्याचा ‘लेझी बास्टर्ड’ वगैरे हट्ट असेल तर तो मॅप कोरा ठेवा. दुसरं, मॉड काढून सेव्ह उघडलात तर त्या मॉडची यंत्रं जागेवरून गायब होतात. मी एकदा जुन्या सेव्हची प्रत न ठेवता काढला. पट्ट्यांच्या मध्ये भोकंच भोकं.

क्रॅस्टोरिओ २ सारखे मोठे मॉड पहिल्या खेपेला घेऊ नका, मूळ गेम एकदा एकट्याने संपवा. अपवाद फक्त ‘स्क्वीक थ्रू’चा: पाइपांच्या फटीतून चालता येतं, एवढंच करतो तो. मी आता तो काढून खेळूच शकत नाही. मित्र म्हणतो ही फसवणूक आहे, आणि स्वतः ग्लेबावर आला की त्याच फटींतून हिंडतो.