डायलिसिसच्या पेशंटचा डबा : बसस्टँडमागच्या काकूंची खानावळ

मामाजींचं डायलिसिस चालू, त्यात कोरोना झाला अन् तोंडाची चवच गेली. भेटायला येणारा जो तो संत्री नाहीतर नारळपाणी आणायचा. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. किडन्या काम करत नसल्या की ते रक्तात साचतं अन् हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून तालुक्याच्या गावी या काकूंकडे डबा लावला. आहारतज्ज्ञ मॅडमनी दिलेला कागद त्यांनी ओट्यावरच चिकटवला.

आलू सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळतात, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी फेकतात, मगच फोडणी. मीठ बेताचं, चव लसूण-जिऱ्याची. लो-सोडियम मीठ अजिबात नाही, कारण त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. सोबत उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग. डायलिसिसवर प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, अन् तापात अंग आणखी झिजतं. भाकर मऊ, पातळ. मामाजींनी ती मागून खाल्ली, तेव्हा जिवात जीव आला.

डबा कधीकधी उशिरा येतो, ते सुधारायलाच हवं. बाकी डोळे मिटून लावा. फक्त डायलिसिस सुरू झालेलं नसेल तर प्रथिनांचा हिशेब वेगळा असतो, तो आधी डॉक्टरांना विचारा.