आठ महिने कानात ‘नाउल्बक’

फ्रेंचच्या परीक्षेत ऐकण्याच्या पेपरात सपाटून मार खाल्ला, तेव्हा हे हाती लागलं. ‘ल दोंजों द नाउल्बक’. जॉन लँग नावाच्या माणसाने २००१ पासून इंटरनेटवर फुकट टाकलेली एमपीथ्री मालिका. आपली श्रुतिकाच म्हणा, पण रेडिओ केंद्राशिवायची. जवळजवळ सगळे आवाज त्याचेच, कुठे पट्टी चढवलेली, कुठे उतरवलेली.

गोष्ट साधी: एक मूर्ती आणायला भुयारी किल्ल्यात शिरलेली टोळी. कुणालाच नाव नाही. रेंजर (रानावनातला वाटाड्या) स्वतःला म्होरक्या समजतो, त्याचं कुणी ऐकत नाही. बुटका आणि एल्फ (परीकथांतली टोकदार कानांची जमात) अखंड भांडतात. ओग्रला, म्हणजे धिप्पाड राक्षसाला, फक्त खायचं असतं आणि त्याची भाषा एकट्या जादूगारिणीला कळते. (पहिले दोन आठवडे माझी अवस्था ओग्रच्या श्रोत्यांसारखीच होती.)

खरा फायदा बोलीचा. पुस्तकात ‘झ न से पा’ (मला माहीत नाही) शिकवतात. इथे सगळे ‘शे पा’ म्हणतात. ‘इल् य आ’चं (म्हणजे ‘आहे’चं) नुसतं ‘या’ होतं, नकारातला ‘न’ तर गायबच. शिव्याही भरपूर, त्यामुळे मुलांसमोर स्पीकरवर लावू नका. मी लावला होता.

तक्रारी आहेत. सुरुवातीच्या भागांचं रेकॉर्डिंग घरगुती; पट्टी चढवलेला एल्फचा आवाज बसच्या गोंगाटात टोचतो आणि शब्द निसटतात. शिवाय अर्धे विनोद टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांवर बेतलेले. ‘लेव्हल वाढली’ म्हणून पात्रं का नाचतात, हे मला तिसऱ्या महिन्यात उमगलं. सातवा भाग मी चारदा ऐकलाय.

श्राव्य भाग दोन पर्वांपुरते. तिसऱ्या पर्वापासून लँगने गोष्ट कादंबऱ्यांत नेली. पहिलीचं नाव ‘ला कुएत द लुब्ली’, म्हणजे विस्मृतीची दुलई! कॉमिक्स आणि २०२० मध्ये व्हिडिओ गेमही आला. त्यांच्या वाटेला मी गेलो नाही. कादंबरी मात्र घेतली. संवाद धावतात, वर्णनं आली की मी पेंगतो. हा माणूस कानासाठीच लिहितो. पण बुटक्याचं वाक्य आलं की त्याचा चिरका सूर आपोआप ऐकू येतो, आणि मग शब्दकोश न उघडता चार पानं जातात.

परीक्षा पुन्हा डिसेंबरात आहे.