आधीच सांगावं की विचारल्यावर?

मागच्या नोकरीतून काढलं होतं, हे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मुलाखत देताना कधी सांगायचं?

विचारल्यावरच सांगितलं, तर पहिली फेरी निदान कामाबद्दल बोलण्यात जाते. पण गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं. 2014 पासून पीएफला यूएएन आहे, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक. जिथे जिथे पीएफ कापला, तिथली रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख त्यात दिसते. बायोडेटातून गाळलेली आठ महिन्यांची नोकरी पडताळणीत उघडी पडली, की हातातली ऑफरही जाते.

आधीच सांगितलं, तर काही दारं तिथेच बंद. (दांडिया बाजारातले काका म्हणतात, 'गप्प बस'. त्यांनी जन्मभर एकच बँक पाहिली!) मी तरी, रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र) नसेल तर एचआरला फोनवरच दोन वाक्यांत सांगेन, जुन्या साहेबाची उणीदुणी न काढता, असेल तर विचारेपर्यंत थांबेन.