१६ कादंबऱ्यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ की २२ अध्यायांचे ‘प्रकटीकरण’?

जगाच्या अंताविषयीची ख्रिस्ती कल्पना समजून घेऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या वाचकापुढे दोन पर्याय आहेत. एक, टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची १९९५ ते २००७ या काळात आलेली १६ इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका. दुसरा, तिचा मुख्य आधार असलेले बायबलमधील शेवटचे पुस्तक, जे मराठीत सहज मिळते आणि एका दुपारी वाचून होते.

मालिकेची सुरुवात पकड घेणारी आहे. लंडनकडे निघालेल्या विमानातले कितीतरी प्रवासी एकाएकी नाहीसे होतात आणि आसनांवर त्यांचे कपडे तेवढे उरतात. पुढे मात्र संकटांमागून संकटे येतात, पात्रे प्रवचने देऊ लागतात, आणि श्रद्धावंतांना संकटकाळाच्या आधीच स्वर्गात उचलून नेले जाईल हा एकोणिसाव्या शतकात रुजलेला, सर्व ख्रिस्ती पंथांना मान्य नसलेला अर्थ जणू एकमेव असल्यासारखा मांडला जातो. हा मला मोठा दोष वाटतो.

‘प्रकटीकरण’ अवघड आहे खरे. तरीही सहाव्या अध्यायातला काळ्या घोड्यावरचा तराजूधारी स्वार, आणि दिवसभराच्या मजुरीत जेमतेम एका माणसापुरता गहू मिळेल असे सांगणारी वाणी, १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आपल्या जिल्ह्यातील वाचकाला टीपा न पाहताही भिडते. म्हणून आधी ‘प्रकटीकरण’ वाचावे, मग मालिकेचा पहिला भाग. उरलेले १५ भाग थरारकथांची विशेष आवड असणाऱ्यांनीच हाती घ्यावेत.