पंचमुखी रुद्राक्षाची जपमाळ: जपाला उत्तम, दाव्यांना नको

१०८ मणी, वर मेरुमणी, दोन मण्यांमध्ये गाठ, दोरा सुती. मणी बारीक, ८ मिलिमीटरच्या आसपास; बोटांत सहज सरकतात. जपाला अशीच हवी. सोबतच्या पत्रकातलं ‘पाण्यात बुडतो तोच अस्सल’ मात्र खोटं: सुकलेला अस्सल मणीही तरंगतो, जड लाकडाचा नकली बुडतो. मुखाची, म्हणजे मण्यावरच्या उभ्या खाचेची, रेघ भिंगाखाली एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग दिसायला हवी. मध्येच तुटली तर कोरल्याचा संशय घ्या. त्याच पत्रकातलं ‘रक्तदाब उतरतो, गोळ्या सोडा’ हे वाचून तर संताप येतो. नामावर श्रद्धा असलेल्याला असली हमी लागत नाही. हमीवर विसंबणाऱ्याचं औषध सुटतं. माळ भिजली तर सावलीत वाळवा, अधूनमधून तिळाच्या तेलाचं बोट फिरवा.